तिसरं नाक

साबणाच्या कारखान्यात चोरी झाली, आणि चोरीला काय गेलं, तर वास.

साबणाच्या वड्या जागच्या जागी होत्या, साचे होते, पेट्यांना कुलपं होती. फक्त मालकांनी नव्या साबणासाठी राखून ठेवलेला वास गेला, असं जाहीर झालं. मालकांचा साबण अजून वाळवणीच्या खोलीतून बाहेर यायचा होता, आणि दुसऱ्या कंपनीचा साबण तोच वास घेऊन दुकानात येऊन बसला होता. म्हणजे कुणीतरी वासाचं सूत्र बाहेर दिलं. सूत्र माहीत असलेली माणसं तीन: मालक, केमिस्टबाई आणि तराजू. मालक स्वतःचीच चोरी करणार नाहीत, हे गृहीत धरायची पद्धत जगात सगळीकडे आहे. उरले दोघे.

तराजू म्हणजे वासाच्या खोलीतला मापारी. बाटलीतून थेंब, डब्यातून पूड आणि पिंपातून तेल मोजून द्यायचं हे त्याचं काम. त्याचं खरं नाव हजेरीपुरतं उरलं होतं. मोजतो म्हणून तराजू, आणि कुठल्याच भांडणात कुणाच्याच बाजूला झुकत नाही म्हणूनही तराजू. दुसरं कारण लोक कौतुकाने सांगत की हिणवायला, हे त्याला इतक्या वर्षांत कळलं नव्हतं आणि विचारायचा धीरही झाला नव्हता.

खोटं पकडायचं मशीन आणायची कल्पना मालकांच्या जावयाची. त्यांना सगळा कारखाना जावईबापू म्हणे, आणि तेच त्यांचं पद होतं. दुसरं कोणतं पद त्यांना झेपेल याचा शोध मालक अजून घेत होते. जावईबापूंनी दोघांना बोलावून सांगितलं, "पॉलिग्राफ म्हणतात त्याला. अगदी शास्त्रीय. सकाळी तराजूची तपासणी, दुपारी बाईंची. दोघांपैकी एक साफ निघाला की दुसरा आपोआप सापडला."

"आणि दोघंही साफ निघालो तर?" केमिस्टबाईंनी विचारलं.

"असं होत नाही," जावईबापू म्हणाले. "चोरी झालीय ना?"



त्या दिवसापासून तराजूला जो तो भेटून धीर देऊ लागला. फाटकावरचा पहारेकरी म्हणाला, "कर नाही त्याला डर कशाला?" पॅकिंगमधल्या बायका म्हणाल्या, कर नाही त्याला डर कशाला. जावईबापूंनी तर खांद्यावर हात ठेवून म्हटलं. ही म्हण म्हणणाऱ्यांपैकी कुणालाच मशीन लागणार नव्हतं, हे तेवढं तराजूच्या लक्षात आलं.

आणि खरं सांगायचं, तर त्याला डर होती. चोरीची नव्हे, नाकाची.

तराजूला वास येत नव्हता. काही वर्षांपूर्वीच्या एका थंडीत त्याला तापासकट दांडगी सर्दी झाली. ताप गेला, सर्दी गेली आणि जाताना वासही घेऊन गेली. घरी दूध करपलं तरी त्याला पत्ता लागत नसे. मोजायच्या कामाला नाक लागत नाही. बाटल्यांवर चिठ्ठ्या असतात, काट्यावर आकडे असतात. तेव्हा नुसता मापारी असता तर त्याने हे केव्हाच सांगून टाकलं असतं. पण तो हुंगणीला बसत असे.

हुंगणी ही त्या कारखान्याची जुनी रीत. नवा साबण निघाला की संध्याकाळी मालकांच्या खोलीत तो तिघांनी हुंगायचा. मालकांच्या वडिलांनी नियम घालून दिला होता: एक नाक मालकाचं, एक शिकलेलं आणि एक कामगाराचं. तिघांच्या माना डोलल्या की साबण पास. बोलायचं नाही, बोलण्याने मत बिघडतं. कामगाराचं नाक म्हणून तराजूची निवड झाली, तेव्हा त्याला खरोखर चांगलं नाक होतं. हुंगणीच्या दिवशी तो मालकांच्या खोलीत गादीच्या खुर्चीवर बसे, आणि त्याला चहा पेल्यात नव्हे, कपबशीत मिळे. माणूस भल्याभल्या मोहांना पुरून उरतो आणि कपबशीपाशी घसरतो.

वास गेल्यावरच्या पहिल्या हुंगणीला तो सांगणारच होता. साबण हातात आला, त्याने नाकाशी नेला, आणि कसं सांगावं याची जुळवाजुळव करताना त्याची नजर केमिस्टबाईंच्या डाव्या भुवईवर गेली. भुवई किंचित वर गेली. त्याने मान डोलावली. तो साबण धडाक्यात खपला. मालक म्हणाले, "तराजूची मान डोलली की मी निश्चिंत." त्यानंतर सांगणं राहून गेलं ते गेलंच. भुवई वर गेली की मान डोलवायची, नाही गेली की नाही डोलवायची, एवढं सोपं होतं ते.

दुसऱ्या कंपनीचा साबणही असाच हुंगला गेला. जावईबापूंनी तो रुमालात गुंडाळून, खुनातली सुरी आणावी तसा आणला होता. "हा आपलाच वास आहे," ते दारातूनच म्हणाले. लगेच हुंगणी बसली. मालकांनी बराच वेळ हुंगला. बाईंनी हुंगला. तराजूने हुंगला, भुवईकडे पाहिलं, भुवई हलली, आणि त्याची मान डोलली. मालक म्हणाले, "तिघांचं एकमत." अशी चोरी सिद्ध झाली. ज्या मानेने ती सिद्ध केली, ती मान आता मशीनपुढे बसायची होती.

घरी तयारी सुरू झाली. तराजूची बायको दवाखान्यात नर्स होती, त्यामुळे रक्तदाब मोजायचं यंत्र घरचंच. आणि प्रश्न विचारायला तिचा भाऊ आला. हा मेहुणा कोर्टाबाहेर लोकांचे अर्ज टाइप करून देई, आणि दुसऱ्यांचे अर्ज टाइप करता करता आपण वकील झालो आहोत, असा त्याचा समज झाला होता. तो समज दूर करण्याइतकं सवडीचं घरात कुणी नव्हतं.

रविवारी जेवणं आटोपल्यावर तराजूला खुर्चीत बसवलं. बायकोने दंडाला पट्टा बांधला आणि रबरी फुगा दाबला.

"दाजी, सरळ बसा. साध्या प्रश्नापासून सुरुवात," मेहुणा म्हणाला. "आज रविवार आहे का?"

"हो," तराजू म्हणाला.

"चढलंय," बायको म्हणाली.

"रविवारला?"

"रविवारलाच. अहो, आज रविवारच आहे. घाबरताय काय?"

"तो असा का विचारतोय? मला वाटलं, शनिवार असेल."

मेहुण्याने कपाळावर हात मारला नाही, पण मारल्यासारखा चेहरा केला. "ताई, हे रविवारला फसले, तर चोरीला यांना थेट बेड्याच. दाजी, ऐका. मशीनला काय कळतं? छातीतली धडधड, श्वास आणि घाम. साध्या प्रश्नाला आपणच धडधड वाढवायची. बुटात खडा ठेवा. रविवारचा प्रश्न आला की दाबा पाय खड्यावर. खऱ्या प्रश्नाला पाय उचला. झालं काम."

"आणि बूट काढायला लावले तर?" बायकोने विचारलं.

"तर जीभ चावायची."

"जीभ चावून बोलतील कसे?"

"ताई, तू त्यांची बाजू घेऊ नकोस, मशीनची घे. तुला मशीन केलंय."

मग त्याने घसा खाकरला आणि आवाज जाड केला. "तुम्ही वासाचं सूत्र बाहेर दिलंत का?"

"नाही," तराजू म्हणाला.

बायको काट्याकडे बघत राहिली. "ठीक आहे. रविवारपेक्षा बरं."

"बघा. कर नाही त्याला—"

"ते म्हणू नकोस," तराजू म्हणाला.

"बरं. पुढचा. तुम्ही मालकांशी कधी खोटं बोललात का?"

तराजूने दंडावरच्या पट्ट्याकडे पाहिलं. बायकोने फुगा सोडला. हवा सुस्कारा टाकल्यासारखी निघून गेली.

"हा प्रश्न विचारतील?" तिने हळूच विचारलं.

"हमखास विचारतात," मेहुणा म्हणाला. कुणी सांगितलं म्हणून विचारलं असतं, तर त्याने कोर्टातल्या चहावाल्याचं नाव घेतलं असतं. पण कुणी विचारलं नाही. "सरळ 'नाही' म्हणा. मालकाशी खोटं बोललो नाही असं म्हणणं हे काही खोटं नाही, तो शिष्टाचार आहे. खोटं बोल पण रेटून बोल, हे आपल्यात उगाच नाही म्हणत."

"रेटून बोलायला येत असतं, तर ते आज मॅनेजर असते," बायको म्हणाली. ही स्तुती होती. तराजूला ती तशी लागली नाही.

तिचा उपाय वेगळा होता. दवाखान्यात ती रोज बघे, की मनात काही दाबून आलेल्या माणसाचा रक्तदाब चढलेला असतो, आणि डॉक्टरांपुढे एकदा सगळं ओकला की उतरतो. तिचं म्हणणं, "परीक्षेच्या आधी कुणाला तरी सांगून मोकळे व्हा. निदान एकाला. ओझं उतरलं की काटा उतरतो."

"तुला माहीत आहेच की."

"मला सांगून काय उपयोग? तुम्हाला माझी थोडीच भीती आहे?"

मेहुणा यावर काहीतरी बोलणार होता, पण ताईने त्याच्याच दंडाला पट्टा बांधायला घेतला, तेव्हा त्याला कोर्टातलं काम आठवलं. रविवारी.

तराजूने खूप विचार केला. मालकांना सांगायची छाती नव्हती. जावईबापूंना सांगणं म्हणजे भोंगा वाजवणं. उरल्या केमिस्टबाई. त्यांच्या भुवईवर तो इतकी वर्षं जगला होता. त्यांना सांगणं न्यायाचंही होतं. परीक्षेच्या आदल्या दिवशी, बाई प्रयोगशाळेत काचेच्या नळ्या धूत असताना, तो दारात जाऊन उभा राहिला.

"बाई, एक बोलायचं होतं."

"तुम्ही दिलंत की काय सूत्र बाहेर?" बाईंनी मागे न बघता विचारलं. "दिलं असेल तर आज सांगा. मला झोप तरी येईल."

"नाही, नाही. ते नाही. मला..." तो म्हणाला, "मला वास येत नाही."

बाईंनी नळ बंद केला. "सर्दी झालीय?"

"झाली होती. बऱ्याच वर्षांपूर्वी. तेव्हापासून येत नाही."

"मग हुंगणीला?"

"तुमची भुवई बघतो. डावी."

बाई स्टुलावर बसल्या. त्यांचा चेहरा असा झाला, की तराजूला वाटलं आता ह्या रडणार किंवा आपल्याला नळी फेकून मारणार. पण त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला.

"माझी भुवई तुमच्या मानेमुळे हलते," त्या म्हणाल्या.

"म्हणजे?"

"म्हणजे, मी सकाळपासून या खोलीत अत्तरं आणि तेलं हुंगते. संध्याकाळपर्यंत माझ्या नाकाचा दगड झालेला असतो. हुंगणी सकाळी ठेवा म्हणून मी पहिल्या वर्षी म्हटलं होतं. मालक संध्याकाळी येतात, म्हणून ती संध्याकाळीच. मग मी तुमच्याकडे बघायला लागले. म्हटलं, हा माणूस जुना, नाक पक्कं. तुमची मान जराशी पुढे आली की मला वाटायचं, आता डोलणार. की माझी भुवई वर."

"मी मान पुढे करायचो, ती तुमची भुवई नीट दिसावी म्हणून," तराजू म्हणाला.

प्रयोगशाळेत पंखा फिरत होता, आणि बहुधा पुष्कळ प्रकारचे वासही फिरत असतील.

"आणि मालक?" तराजूने विचारलं.

"ते सिगारेट हातात धरून हुंगतात," बाई म्हणाल्या. "आणि बघतात तुमच्याकडे."

म्हणजे इतकी वर्षं साबण पास केले ते कुणी, या प्रश्नापाशी दोघं एकदमच पोचले, आणि दोघांनीही तो तिथेच सोडून दिला. त्याच्यामागे त्याहून मोठा प्रश्न उभा होता.

"तो दुसऱ्या कंपनीचा साबण," तराजू म्हणाला, "आपल्यासारखा आहे का खरंच?"

"मला काय माहीत? जावईबापू ओरडत आले, तुमची मान पुढे आली."

"तुम्ही नंतर सकाळी हुंगून नाही पाहिलात?"

"तो जावईबापूंच्या कपाटात कुलुपात आहे. पुरावा म्हणून." बाई उठून दार लोटून आल्या आणि खालच्या आवाजात बोलू लागल्या. "हे बघा, तुम्ही हे उद्या तिथे बोलू नका. मी केमिस्ट आहे. साबणाच्या कारखान्यातल्या केमिस्टला वास कळत नाही म्हटल्यावर मला कोण ठेवेल? सुईणीला मूल दिसत नाही म्हणण्यासारखं आहे ते."

"तुमचं नाव नाही घेणार."

"आणि साफही निघू नका फार," बाई म्हणाल्या, आणि लगेच त्यांनाच लाज वाटली. "तसं नव्हे. पण तुम्ही साफ निघालात, की दुपारपर्यंत मी चोर. जावईबापूंचं गणित ऐकलंत ना तुम्ही."

तराजू घरी आला, तो हलका होऊन नव्हे. आपलं ओझं होतंच, वर बाईंचंही घेऊन आला. बायकोने पट्टा बांधून पाहिला, काट्याकडे पाहून सोडला, आणि उद्या काळा शर्ट घालायला सांगितला. त्यावर घाम दिसत नाही.

तपासणी मालकांच्या खोलीशेजारी, नमुने ठेवायच्या खोलीत होती. मशीनवाला हा राकट, दरडावणारा माणूस असेल अशी तराजूची कल्पना होती. निघाला एक कंटाळलेला, टक्कल पडू लागलेला गृहस्थ. एकीकडे तो वायरींचा गुंता सोडवत होता आणि दुसरीकडे डब्यातलं बिस्किट खात होता. टेबलावर लॅपटॉप होता आणि शेजारी दोन साबण, मालकांचा आणि दुसऱ्या कंपनीचा, कागदावर मांडलेले. "हे तुमच्या जावईसाहेबांनी ठेवलेत," मशीनवाला म्हणाला. "म्हणजे चोराच्या मनावर दडपण येईल. मला विचाराल तर माझ्या बिस्किटाची चव गेली. बसा."

त्याने तराजूच्या छातीला आणि पोटाला नळ्यांसारखे पट्टे बांधले, दंडाला फुगणारा पट्टा, बोटांना चिमटे. बूट काढायला लावले नाहीत. पण तराजूच्या बुटात खडा नव्हता, त्यामुळे ते वायाच गेलं.

"आधी सगळे प्रश्न तुम्हाला वाचून दाखवतो," मशीनवाला म्हणाला. "मग मशीन चालू. लपवाछपवी नाही. पहिला: आज गुरुवार आहे का? दुसरा: वासाचं सूत्र तुम्ही बाहेर दिलंत का? तिसरा: तुम्ही आयुष्यात कधी मालकांशी खोटं बोललात का?" आणि उत्तर ठाऊक असल्यासारखा तो बिस्किटाकडे वळला.

"हो," तराजू म्हणाला.

मशीनवाल्याचा हात डब्यात राहिला. "काय?"

"बोललोय. हो."

"अहो, इथे सगळे 'नाही' म्हणतात."

"सगळे कधीच खोटं बोललेले नसतात?"

"सगळे बोललेले असतात. म्हणून तर विचारतो." तो जरा चिडला. "हे बघा, त्या प्रश्नाला माणूस 'नाही' म्हणतो आणि आतून थोडा चळतो. तो चळलेला किती आणि चोरीच्या प्रश्नाला चळलेला किती, हे मी शेजारी शेजारी ठेवून बघतो. तुम्ही 'हो' म्हणालात, तर मी कशाशी ताडून बघू? खऱ्याने मशीन चालत नाही हो."

तराजू ओशाळला. आपण एका शिकल्यासवरल्या माणसाच्या कामात उगाच अडथळा आणला, असं त्याला वाटलं. "मग 'नाही' म्हणू का?"

"आता काय उपयोग? आता मला माहीत आहे." मशीनवाल्याने डबा बंद केला. "आता नियमाप्रमाणे तुम्ही मला सांगायचं, काय खोटं बोललात ते. मग मी विचारणार: याव्यतिरिक्त कधी बोललात का? सांगा."

आणि तराजूने सांगितलं. सर्दी, कपबशी, मान. भुवई कुणाची ते सांगितलं नाही. "दुसऱ्याचा चेहरा बघून" एवढंच म्हणाला. मशीनवाला आधी लिहीत होता, मग लिहायचा थांबला. त्याने दोन्ही साबण उचलून आळीपाळीने नाकाशी धरले.

"म्हणजे या दोन साबणांचा वास एकच आहे, असं तुम्ही ठरवलंत?"

"आम्ही तिघांनी."

"याला लिंबाच्या सालीसारखा वास आहे. आणि हा इस्त्रीच्या कपड्यांसारखा. माझ्या आजीलाही कळेल, आणि ती जाऊन फार वर्षं झाली."

लॅपटॉपवरची रेघ कुणी न विचारताच डोंगर चढून आली. "मग चोरी झालीच नाही?"

"ते मला विचारू नका. मला चोर शोधायला बोलावलंय. चोरी झाली का, हा प्रश्न माझ्याकडे नाही." त्याने घड्याळ पाहिलं. "चला. याव्यतिरिक्त मालकांशी कधी खोटं बोललात का?"

"नाही," तराजू म्हणाला, आणि लगेच त्याला आजारी म्हणून घेतलेली एक रजा आठवली.

रेघ लटपटली. "छान," मशीनवाला प्रथमच खूष होऊन म्हणाला. "असं."

चोरीच्या प्रश्नाला रेघ जवळजवळ झोपूनच राहिली. तराजू साफ निघाला.

बाहेर बाकावर केमिस्टबाई बसल्या होत्या. पाण्याची बाटली दोन्ही हातांत धरलेली, झाकण उघडलेलं, पाणी न प्यालेलं. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं, आणि त्याला त्यांच्या चेहऱ्यावरून या वेळी काहीही ताडायचं नव्हतं. उलट त्याच त्याचा चेहरा वाचत होत्या.

मालकांच्या खोलीत जावईबापू टेबलाच्या कडेवर बसून होते. मालकांच्या बोटांत सिगारेट. मशीनवाल्याने आत येऊन सांगितलं, "हे साफ."

"झालं," जावईबापू म्हणाले. "मग दुपारची तपासणी म्हणजे नुसता उपचार. मी तर म्हणतो, बाईंना आत्ताच बोलवा आणि राजीनामा घ्या. मशीनवाल्यांचाही वेळ वाचेल."

मालक खिडकीकडे बघत म्हणाले, "शिकलेलं माणूस. वाटलं नव्हतं. तराजू, तू जा. कामाला लाग. नाव राखलंस."

एवढं ऐकायला तो आठवडाभर झोपला नव्हता. आता फक्त दार उघडून बाहेर पडायचं होतं. दारापर्यंत तो गेलाही. पण दार उघडलं की समोर बाक होता, आणि बाकावर ती बाटली होती. दाराच्या मुठीवर हात ठेवून तो तसाच उभा राहिला, आणि मग दाराशीच, पाठमोरा, म्हणाला, "मालक, मला वास येत नाही."

"खिडकी उघडू का?" जावईबापू म्हणाले.

"कधीच येत नाही. जावईबापू या घरात आले, त्याच्या आदल्या थंडीपासून. हुंगणीला मी उगाच मान डोलावत होतो. त्या दुसऱ्या साबणालाही उगाच डोलावली. तो आपला वास आहे की नाही, मला माहीत नाही."

जावईबापूंना आपण आल्याचा आणि वास गेल्याचा संबंध नेमका काय लावला गेला, हे समजून घ्यायला वेळ लागत होता. मालकांनी सिगारेट विझवली, ती अर्धीच झाली होती. मग ते उठून शेजारच्या खोलीत गेले आणि दोन्ही साबण घेऊन आले. एक हुंगला. दुसरा हुंगला. पुन्हा पहिला. आणि हे करताना त्यांची नजर सवयीने तराजूच्या मानेवर होती.

तराजूने मान हलू दिली नाही. आयुष्यात इतकं अवघड काम त्याने केलं नव्हतं.

मालकांच्या कपाळावर घाम आला. जावईबापूंची मान मात्र आपसूक डोलू लागली. "आपलाच," ते म्हणाले. "शंभर टक्के आपलाच."

"लिंबू आणि इस्त्री," दारात वायर गुंडाळत असलेला मशीनवाला म्हणाला. "माफ करा, मला बोलायचं कारण नाही. पण दुपारची तपासणी आहे की नाही? नाहीतर माझी गाडी गाठता येईल."

मालकांनी त्याच्याकडे पाहिलं, साबणांकडे पाहिलं, जावयाकडे पाहण्याचं टाळलं. "नाही," ते म्हणाले. "तपासणी नाही. तुम्ही निघा. बापू, बाईंना म्हणावं कामाला लागा, आणि तुम्हीही बाहेर थांबा जरा."

दार लागलं. मालक खुर्चीत बसले आणि पहिल्यांदाच तराजूला म्हातारे दिसले. नवी सिगारेट त्यांनी पाकिटातून काढली आणि पुन्हा आत ठेवली.

"हुंगणीला आता बापू बसतील," ते म्हणाले. "त्यांना काहीतरी काम हवंच होतं. तू वासाच्या खोलीत राहा. मोजायला नाक लागत नाही."

"हो मालक."

"लोकांना सांगू, मशीन लावलं, चौकशी केली, चोरी झाली नसल्याचं निष्पन्न झालं. मीच शोधून काढलं म्हणू." ते थांबले. साबण त्यांच्या हातात होते. ते त्यांनी टेबलावर इतके जवळजवळ ठेवले, की आता कुठला कुठला हे त्यांनाही सांगता आलं नसतं. "मला त्याच दिवशी शंका आली होती. वास वेगळा आहे, हे मला कळलं होतं. तुझी मान डोलली म्हणून मी गप्प बसलो. तुझ्या लक्षात आलं असेल ना?"

तराजूला तो दिवस स्पष्ट आठवत होता: मालकांची सिगारेट, त्यांचे बारीक केलेले डोळे, आणि ते डोळे आपल्या मानेला चिकटून बसलेले. खरं काय ते ओठावर आलंच होतं. आज सकाळपासून त्याला तशी सवयच लागली होती. त्याने मालकांकडे पाहिलं. ते वाट बघत होते, बाकावर बाई बघत होत्या तशीच.

"आलं होतं मालक," तो म्हणाला. "तुमच्या चेहऱ्यावरच दिसत होतं."

मालकांनी सुटकेचा श्वास सोडला. आपल्या छातीत साधं धडधडलंही नाही, याचं तराजूला आश्चर्य वाटलं. तो दार ओढून घेऊन वासाच्या खोलीकडे निघाला; तिथे सकाळपासूनची मापं तुंबून पडली होती.